एक्केचाळीस मुद्द्यांचं घर

मधुसूदनरावांना माणसातली, यंत्रातली आणि पोह्यांतली खोट पहिल्या नजरेत दिसायची. त्यांचा तरी काय दोष, पगारच त्याचा होता. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत ते सप्लायर क्वालिटीचे साहेब होते. म्हणजे काय, तर गाडीचे सुटे भाग करून देणारे जे लहानमोठे कारखाने असतात तिथं जायचं, मालकाचा चहा प्यायचा, दिवसभर हिंडायचं आणि निघताना त्याच्याच हातात त्याच्या चुकांची यादी ठेवायची. सव्वीस वर्षं हेच काम. भोसरीपासून म्हाळुंग्यापर्यंत असा कारखानदार नव्हता, जो मधुसूदनरावांची पांढरी गाडी गेटात दिसल्यावर हातातलं काम टाकून धावला नाही.

यादीचा फॉर्म ठरलेला होता. मुद्दा, फोटो, कारण, उपाय, कोण करणार, कधीपर्यंत आणि शेवटी साहेबांची सही, असे सात रकाने. सही झाली की मुद्दा बंद. आता गंमत अशी, की एवढ्या वर्षांत एकाही कारखानदारानं सगळे मुद्दे मुदतीत बंद केले नव्हते. पंधरा बंद करायचे, दहांना मुदतवाढ मागायची आणि उरलेल्यांच्या वेळी साहेबांना जेवायला न्यायचं, असा रिवाज. त्यावर कंपनी छान चालली होती.

एवढं पाल्हाळ लावायचं कारण असं, की याच मधुसूदनरावांना डोंगरात घर घ्यायचं होतं.

तसं त्यांना काही कमी नव्हतं. पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली झाकलेलं पार्किंग, लेक ओवी बंगळूरला नोकरीत रुळलेली, बायको मृदुला शाळेत गणित शिकवत होती. नव्हती ती झोप. तीन वर्षं झाली, त्यांना धड झोप म्हणून लागत नव्हती. गादी बदलली, उशी बदलली, डॉक्टर बदलले. मग कुणीतरी मोबाइलवर झोप मोजणारं अ‍ॅप घालून दिलं, तर ते रोज सकाळी त्यांना शंभरपैकी चाळीस मार्क द्यायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्याला नापास करणाऱ्या माणसाला ते फार लागलं.

त्यात डोंगरातल्या घराचं खूळ शिरलं. शेतजमीन घ्यायची तर घराण्याच्या नावावर सातबारा लागतो आणि यांच्या घराण्यात तीन पिढ्या पोस्टात होत्या. तेव्हा एखाद्या वाडीच्या गावठाणातलं तयार घर, एवढाच रस्ता उरत होता. त्यासाठी त्यांनी दीड वर्षात अकरा घरं पाहिली आणि अकराही नापास केली.

बारावं घर चांदभाईंनी सुचवलं. चांदभाईंचं चाकणला कांदा मार्केटच्या मागं गॅरेज होतं. मधुसूदनरावांची गाडी गेली नऊ वर्षं तिथंच जात होती, कारण चांदभाईंच्या कामात खोट काढायला त्यांना आजवर जागा सापडली नव्हती.

"साहेब, खेडच्या पुढं, धरणाला वळसा घालून वर जांभूळमाळ म्हणून वाडी आहे," चांदभाई गाडीखालूनच बोलले. "तेवीस उंबरे. तिथलं एक घर काढायचंय. नवनाथ म्हणून पोरगा आहे, आपल्या एमआयडीसीतच कामाला. बाप गेला, आई-बायकोला घेऊन इकडं एका खोलीत राहतो, घर विकून वन बीएचके घ्यायचं म्हणतो. घर दोन वर्षं बंद आहे. माणसं एकदम सरळ."

"सरळ म्हणजे काय, ते बघितल्यावर ठरवू," मधुसूदनराव म्हणाले.

एप्रिलचा पहिला रविवार होता. चांदभाई, नवनाथ आणि नवनाथची आई सोजराबाई असे तिघं गाडीत बसून आले. सोजराबाई साठीच्या आतबाहेर, काटक. जांभूळमाळच्या शाळेत वीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली, शाळा बंद पडली, मग लेकानं खाली आणलं. आता कांदा मार्केटात निवडणीला जायच्या. घर बंद होऊन दोन वर्षं झाली तरी किल्ली मात्र त्यांच्या कमरेलाच होती. दार उघडायचं म्हणून त्यांना आणावं लागलं होतं.

घर म्हणजे दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं लांबलचक ओटा आणि ओट्यावर वाकलेलं जांभळाचं जुनं झाड. मायलेकरं दाराचं कुलूप काढायच्या खटपटीत होती, चांदभाई शेजाऱ्यांशी बोलत उभे होते. मधुसूदनराव बूट काढून ओट्यावर टेकले. पाठ दुखत होती म्हणून जरा आडवे झाले. वरून गार सावली, खाली शेणानं सारवलेली थंड जमीन. डोळे मिटले एवढंच त्यांना आठवत होतं.

जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती. छातीवर जांभळाचं एक वाळकं पान होतं आणि गालाला माती लागली होती. तब्बल दोन तास झोपले होते ते. उठून बसल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की का कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं. चांदभाई आणि नवनाथ पायरीवर बसून मोबाइल बघत होते. सोजराबाई उंबऱ्यात बसून यांच्याकडेच बघत होत्या.

"शेजारनं चहा आणू का?" त्यांनी विचारलं.

मधुसूदनरावांनी तिथल्या तिथं ठरवलं, घर घ्यायचं तर हेच. दुसरा कुणी असता तर तोंडानं तसं म्हणाला असता. पण ही सव्वीस वर्षांची सवय. माल आवडला असं सप्लायरला कळू द्यायचं नसतं. त्यांनी घड्याळ बघितलं, गालाची माती पुसली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. नीट तपासणी करावी लागेल."

घरी मृदुलाबाईंनी विचारलं, "कसं होतं?"

"बऱ्याच त्रुटी आहेत," ते म्हणाले आणि चेहरा असा हसरा, की बाईंनी हातातली वही खाली ठेवली.

"अहो, मला बघायला आला होतात, तेव्हाही यादी केली होतीत का?"

"काहीतरीच काय," मधुसूदनराव म्हणाले. केली होती. सात मुद्दे होते, पण ते सांगायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

पुढच्या रविवारी ते सामानासकट गेले. टॉर्च, सपाटी बघायची लेव्हल ट्यूब, मोजपट्टी, फटी मोजायच्या बारीक पात्यांचं गेज आणि पॅड. चांदभाईंनी गेज बघितलं आणि तोंड फिरवून हसून घेतलं. साहेब मात्र रंगात आले. ओट्याची पायरी डावीकडं बारा मिलिमीटर खाली. दाराची फट वर चार, खाली नऊ. कौलं त्रेसष्ट फुटलेली. न्हाणीचं पाणी उंबऱ्याकडं येतं. चुलीमागं काजळी. वासा क्रमांक चार, कीड. शेजारचा कोंबडा, आवाज. नवनाथ मागं मागं फिरून एकेक मुद्दा मान खाली घालून ऐकत होता आणि मध्येच "येस सर" म्हणत होता. तोही एका कारखान्यात अकरा वर्षं कंत्राटावर होता. साहेब पॅड घेऊन आला की उलट बोलायचं नसतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

सतरावा मुद्दा लिहिताना मधुसूदनराव ओट्यावर उभे होते. वर बघून त्यांनी लिहिलं, जांभळाची फांदी छपरावर, पाला साचतो, फळांचे डाग पडतात, झाड तोडणे. ते झाड, ज्याच्या खाली आठच दिवसांपूर्वी हा माणूस लहान बाळासारखा झोपला होता. पण फॉर्मला सात रकाने आणि सातांतला एकही चांगलं लिहायला नव्हता. यांच्या मनात तेव्हा आलंसुद्धा नाही, की आपण काय लिहितोय.

सगळ्यात मोठा मुद्दा निघाला तो मागच्या भिंतीच्या ओलीचा. मोठा मुद्दा असला की पाच वेळा "का" विचारून मूळ कारण शोधायचं, अशी त्यांच्या धंद्यात पद्धत असते. साहेबांनी नवा कागद घेतला आणि सोजराबाईंना समोर बसवलं.

"भिंतीला ओल का आली?"

"चूल न्हाई पेटली दोन वरसं. चूल पेटती असली का भिती सुक्या ऱ्हात्यात."

"चूल का नाही पेटली?"

"घरात कुणी न्हाई."

"का नाही?"

"मी चाकणला हाय न्हवं."

"चाकणला का गेलात?"

"लेक म्हनला चल. एकटी कशी ऱ्हाशील म्हनला."

"मग तुम्ही का गेलात? तुम्हाला जायचं होतं का?"

सोजराबाईंनी पदर सारखा केला. "मला कुणी इचारलं व्हतं?"

तपासणीचा नियम असतो, समोरचा बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. मधुसूदनरावांनी पाचव्या "का"पुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'आईंना कुणी विचारलं नाही.' खाली दोन रेघा ओढून 'मूळ कारण' असा शेराही मारला. आपण काय लिहिलंय, हे त्यांना त्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचं लक्ष भिंतीतल्या ओलीकडं होतं.

एकूण मुद्दे एक्केचाळीस झाले. साहेबांनी ते फॉर्मवर टाईप केले, फोटो लावले. 'कोण करणार' या रकान्यात सवयीनं विकणाऱ्याचं नाव घातलं आणि 'कधीपर्यंत'मध्ये सवयीनंच पंचेचाळीस दिवस. पाच "का"च्या कागदासकट ते सगळं चांदभाईंच्या गॅरेजवर नवनाथच्या हातात दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरगा यादी बघून घाबरेल, एवढं कुठं करत बसू म्हणेल आणि आकडा खाली आणेल. सगळे तसंच करतात.

"साहेब, माझं ऐका," नवनाथ गेल्यावर चांदभाई म्हणाले, "थोडं टोकन देऊन टाका. गावाकडचा व्यवहार आहे. शब्द झाला की झाला, पण शब्द व्हायला हातावर काहीतरी ठेवावं लागतं."

"मुद्दे बंद झाल्याशिवाय टोकन नाही," मधुसूदनराव म्हणाले. "कंपनीत मी हा नियम स्वतः लिहिलाय."

"मग काय बोलणार," चांदभाई म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

आठवडा गेला. नवनाथचा फोन नाही, आकडा खाली नाही. नवव्या दिवशी मोबाइलवर दोन फोटो आले. एकात वाकडी पायरी, दुसऱ्यात सरळ पायरी. खाली लिहिलं होतं, 'मुद्दा क्र. १ बंद. बिफोर-आफ्टर जोडले आहे.' साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पायरीवर लेव्हल ट्यूब ठेवून तिचाही फोटो काढला होता.

मग रांगच लागली. दाराची फट सारखी. कडी नवी. उंदराचं बीळ बुजवलेलं. न्हाणीचा उतार फिरवलेला. मधुसूदनराव कंपनीत मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोटो उघडून बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. आपलं घर आपण घ्यायच्या आधीच, दुसऱ्याच्या हातांनी, फुकटात तयार होतंय. एवढा चांगला सप्लायर त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

त्या भरात त्यांनी भोसरीच्या एका कारखानदाराकडून स्टेनलेस स्टीलची पाटी कापून घेतली. वर 'विसावा', खाली मधुसूदन आणि मृदुला. कडा हातानं तपासल्या, एक परत पाठवली, दुसरी पास केली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. मृदुलाबाई म्हणाल्या, "अहो, घर अजून त्यांचं आहे." त्यावर हे म्हणाले, "कागदोपत्री."

तिसाव्या दिवसाच्या सुमाराला छपराचे फोटो आले. सगळं छप्पर नव्यानं चाळलेलं, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा रचलेली, फुटकं एक कौल नाही, वर दहाबारा माणसं, खाली बायका कौलं हातोहात देतायत. साहेबांना कौतुक वाटलं, एवढी माणसं याला मिळाली कुठून. विचारायला हवं होतं. पण काम झालं की ते कसं झालं असं विचारायची त्यांना गरज वाटत नसे. त्या फोटोत मागं छपरातून बारीक धूर निघत होता. तोही त्यांनी बघितला आणि काजळीचा मुद्दा पुन्हा उघडावा लागेल, अशी नोंद केली.

पंचेचाळिसावा दिवस रविवारीच आला. आदल्या दिवशी नवनाथचा निरोप आला, 'सर, मुद्द्यांवर काम पूर्ण. सहीसाठी यावे.' मधुसूदनरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मृदुलाबाईंना बरोबर घेतलं, जाताना चाकणला चांदभाईंना उचललं. टोकनाचा चेक लिहून खिशात ठेवलेला. मे महिन्यातलं ऊन वर पोचेपर्यंत जरा मऊ झालं.

घर ओळखू येत नव्हतं. भिंतींना पांढरी माती, ओटा नव्यानं सारवलेला, दारात तुळस. आतून भाकरीचा वास येत होता. शेजारच्या दोन बायका चुलीशी बसल्या होत्या आणि सोजराबाई त्यांच्यावर आवाज चढवून काहीतरी सांगत होत्या. चाकणला त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. नवनाथनं फाईल आणून साहेबांच्या हातात दिली. एक्केचाळीस पानं, प्रत्येकावर दोन दोन फोटो.

मधुसूदनराव एकेक मुद्दा बघत निघाले. बघायचं आणि सही करायची. पायरी, सही. फट, सही. वासा, सही. शेजारचा कोंबडा या मुद्द्यापुढं 'कोंबडा खाल्ला' असं लिहिलं होतं, तिथंही सही. मृदुलाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत एखाद्या गोष्टीवर ते इतके खूश झालेले त्यांनी पाहिले नव्हते.

छपराच्या पानाशी साहेब थांबले. "एवढी माणसं कशी जमवलीस रे?"

"सर, आमच्याकडं पावसाआधी सगळी वाडी मिळून एकेक घर चाळते," नवनाथ म्हणाला. "पण ज्या घराची चूल पेटती असेल त्याच घरावर चढतात. बंद घरावर वाडी चढत नाही, ते त्याचं तो बघेल. दोन वर्षं आमच्या घरावर कुणी चढलं नव्हतं, त्याच्यामुळंच ती कौलं गेली. मी म्हटलं, आई, तू आठ दिवस वर जाऊन चूल पेटव, छपराचे मुद्दे क्लोज करून घेऊ."

"उत्तम," साहेब म्हणाले. "मग आठ दिवसांनी?"

नवनाथनं आईकडं बघितलं. आई भाकरी उलटत होती. "मग ती आलीच नाही खाली, सर."

मधुसूदनरावांनी सही करून पान उलटलं. पुढचं, शेवटून दुसरं पान ओलीचं होतं, त्याला त्यांच्याच हस्ताक्षरातला पाच "का"चा कागद जोडलेला. उपायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आईंना विचारले.' शेजारी भिंतीचा फोटो, खडखडीत सुकी. त्याच्या खाली आणखी एक ओळ, 'आई म्हणाल्या, मला इथंच राहायचं आहे.'

मधुसूदनरावांनी सवयीनं तिथंही सही केली. आत चुलीवर तवा वाजला.

"सर, मी कंपनीत आठवड्याला दोन फाइव्ह व्हाय, हेच पाच 'का', भरतो," नवनाथ म्हणाला. त्याला पुढं बोलायला जड जात होतं. "बोल्ट का ढिला, ऑइल का गळतं, सगळ्याचं मूळ कारण काढतो. आईचं कधी काढलं नाही. तुमचा कागद घरी वाचला, बायको पण ऐकत होती. पाचव्या ओळीला आलो आणि मला वाचता येईना. दोन वर्षं ती माझ्यासमोर एका खोलीत राहत होती, आणि हे तिला एका बाहेरच्या माणसानं विचारलं." त्यानं नाक पुसलं. "घर नाही विकत सर. मला माफ करा. वन बीएचके राहू दे. आई वर आल्यापासून तीच खोली मोठी झालीय."

मधुसूदनरावांनी चांदभाईंकडं बघितलं. चांदभाई डोंगराकडं बघत होते. टोकन दिलं असतं तर शब्द झाला असता आणि ही माणसं शब्दाला जागली असती, मेली असती तरी जागली असती. पण मुद्दे बंद झाल्याशिवाय टोकन नाही, हा नियम कुणी लिहिला होता, ते तिथल्या कुणाला सांगायची गरज नव्हती. साहेबांनी फाईल मिटली. दीड वर्षात बारा घरं पाहिली होती, त्यांतलं हे एकच त्यांना हवं होतं, आणि तेच त्यांनी स्वतः विकणाऱ्याला राहण्यालायक करून दिलं होतं. राग कुणावर काढायचा तेही कळेना.

"एक सही ऱ्हायली," सोजराबाई हात पुसत बाहेर आल्या. "सतरावी. ती आमी न्हाई केली."

त्यांनी फाईलच्या शेवटी लावलेलं पान काढून पुढं धरलं. जांभळाचं झाड, तोडणे. उपायाचा रकाना कोरा होता.

"बाकी तुमी म्हनला ते समदं केलं. पायरी केली, मोरी केली, त्या बिचाऱ्या कोंबड्याचं पन केलं. पर ह्ये झाड कशापायी तोडायचं, ते मला कळंना. तुमी त्या दिशी ह्याच्याखालीच दोन घटका गाढ झोपला व्हता. मी दारात बसून बघत व्हते. मला वाटलं, ह्यो माणूस कवापासून झोपलेला न्हाई. मनात म्हनलं, ह्याला घर दिलं तर चालंल. आन् दुसऱ्या खेपेला तुमी येऊन ह्याचीच फांदी मोजली. एवढं समदं वाईट व्हतं, तर घर पायजे कशाला व्हतं तुमाला?"

मधुसूदनरावांची सव्वीस वर्षं प्रश्न विचारण्यात गेली होती, उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. त्यांनी झाडाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मृदुलाबाईंच्या डोळ्यांत आता थट्टा नव्हती.

"झोप लागली होती," ते हळूच म्हणाले.

"मंग त्ये लिवायचं न्हाई का."

"त्याला रकाना नव्हता," मधुसूदनराव म्हणाले. स्वतःच्या कानांनी ऐकताना त्यांना ते फार खुळचट वाटलं.

सोजराबाईंनी सतराव्या पानाकडं बोट केलं. मधुसूदनरावांनी पेन काढलं, 'झाड तोडणे' यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. एक्केचाळीस मुद्दे, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सगळेच्या सगळे बंद. असं त्यांच्या नोकरीत प्रथमच घडत होतं. नवनाथनं फाईल दोन्ही हातांनी घेतली आणि नेऊन देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली.

जेवायला बसवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतंच. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आमटी. मृदुलाबाई चुलीजवळच्या बायकांत कधी जाऊन बसल्या ते कळलं नाही. जेवण झाल्यावर सोजराबाईंनी ओट्यावर घोंगडी टाकली आणि उशाला पितळी तांब्या ठेवला.

"पडा जरा. घर न्हाई दिलं म्हून काय झोपू देनार न्हाई?"

मधुसूदनराव संकोचानं आडवे झाले. वर तीच सावली होती, झाडाला आता जांभळं धरली होती. झोप काही येईना. यायची तरी कशी, खिशात चेक टोचत होता आणि डिकीत ती पाटी पडून होती. ते वर छपराकडं बघत राहिले. बघता बघता त्यांना दिसलं, वळचणीपासून तिसऱ्या ओळीत एक कौल उलटं बसलंय. जोरात पाऊस आला की नेमकं तिथून गळणार. बेचाळिसावा मुद्दा. हात आपोआप खिशाकडं गेला, पेन अर्धं बाहेर आलं.

आत सोजराबाई मृदुलाबाईंना सांगत होत्या, की सगळ्या वाडीनं मिळून कसं एका दिवसात छप्पर केलं आणि एक कौल उतरताना फुटलं नाही. बोलता बोलता मोठ्यानं हसत होत्या.

मधुसूदनरावांनी पेन परत खिशात ठेवलं. गळेल तेव्हा वाडी चढेल वर, चूल पेटती आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते कुशीवर वळले.

चार वाजता मृदुलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा ते घोरत होते. त्यांनी हाक मारली नाही. बशी झाकून ठेवली आणि पायरीवर, डावीकडून सरळ केलेल्या पायरीवर, बसून राहिल्या.